ठिपक्यांचा छापखाना

बँकेच्या पासबुकांतील एखादी ओळ, मालवाहतुकीच्या कचेरींतील पावती किंवा घाऊक दुकानाचें लांबलचक बिल भिंगाखालीं धरून पाहिल्यास पुष्कळदां एक मौज दिसते. जें अक्षर दुरून अखंड रेषेचें वाटत होतें तें जवळून पाहतां फुटून जातें, आणि त्याच्या जागीं लहान लहान ठिपक्यांची रांग उभी राहते. अंगणांत ठिपक्यांची रांगोळी घालणाऱ्या भगिनींस याचें फारसें नवल वाटणार नाहीं. शिवणाच्या वर्गांत चौकड्यांच्या कापडावर फुल्या घालून आपल्या नांवाचें अक्षर भरणाऱ्या मुलींसही तें ओळखीचें वाटेल. परंतु ज्या यंत्रानें ही साधी युक्ति छापण्याच्या कामीं लाविली, आणि पूर्वीं मोठ्या इमारतींत राहणारा छापखाना घरांतील मेजावर आणून ठेविला, त्या यंत्राची हकीकत आमच्या विद्यार्थ्यांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. ती सांगावी हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. नमुन्यादाखल आम्हीं जपान देशांत तयार झालेला एप्सन एम्‌एक्स-८० या नांवाचा प्रिंटर घेतला आहे. घरगुती संगणकांच्या आरंभीच्या काळांत, १९८० सालीं, निघालेलें हें यंत्र फार लोकप्रिय झालें; आणि त्याची रचना एकदां समजली म्हणजे या जातीचीं सर्व यंत्रें समजतात.

प्रथम जुनी पद्धति पाहूं. शिशाच्या खिळ्यांनीं छापावयाचें म्हणजे प्रत्येक अक्षर ही एक स्वतंत्र वस्तु असते. ‘क’चा खिळा ‘क’ उमटवील, दुसरें कांहीं उमटविणार नाहीं. इंग्रजीचें काम मोठीं व लहान अक्षरें, अंक आणि विरामचिन्हें मिळून थोडक्या खिळ्यांवर भागतें. परंतु देवनागरींत काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार व जोडाक्षरें यांमुळें शेंकडों निरनिराळे खिळे लागत. बंगालमधील श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यांत पंचानन कर्मकार या कुशल कारागिरानें देवनागरीचे खिळे कोरले, आणि त्याच छापखान्यांतून १८०५ सालीं विल्यम केरी यांचें मराठी भाषेचें व्याकरण बाहेर पडलें. एवढ्या एका वाक्यामागें किती श्रम दडलेले आहेत याची आज कल्पना येणें कठीण. पोलादाच्या टोकावर उलटें अक्षर कोरावयाचें, त्याचा ठसा तांब्यावर मारून सांचा करावयाचा, सांच्यांत शिशाचा रस ओतून खिळा पाडावयाचा. आणि हें सर्व एका अक्षराकरितां नव्हे, तर लिपींतील प्रत्येक आकृतीकरितां! ज्या भाषेचे वाचक थोडे, किंवा जिचे लोक गरीब, तिच्यासाठीं हा खर्च कोण करणार? जगांतील कित्येक भाषा शतकानुशतकें छापल्यावांचून राहिल्या, त्याच्या कारणांपैकीं हें एक होय.

टाइपरायटर आला तरी ही अडचण सुटली नाहीं. खिळे पेटींतून निघून यंत्राच्या दांड्यांच्या टोकांवर जाऊन बसले, इतकेंच. संगणकाबरोबर वापरावयाचे जे सुबक छपाईचे प्रिंटर १९७० नंतरच्या दशकांत निघाले, त्यांत डेझी व्हील नांवाचें एक चक्र असे. डेझीच्या फुलास जशा पाकळ्या असतात तशा या चक्रास सुमारें ९६ पाकळ्या असत, आणि प्रत्येक पाकळीच्या टोकावर एक अक्षर कोरलेलें असे. हवी ती पाकळी समोर येईपर्यंत चक्र फिरे, मग मागून एक हातोडी तिच्यावर आपटे. छपाई सुंदर होई. परंतु जें अक्षर चक्रावर नाहीं तें त्या यंत्राला कांहीं केल्या छापतां येत नसे. चित्राची तर गोष्टच नको. शिवाय असा प्रिंटर महाग असल्यामुळें सामान्य गृहस्थाच्या आटोक्याबाहेर राही.

मग यांतून वाट कशी निघाली? अक्षर कोरण्याऐवजीं, अक्षर ज्यांचें बनतें ते ठिपकेच यंत्राच्या हातीं द्यावे, या कल्पनेनें निघाली. ठिपक्यांचें सामर्थ्य जगास नवें नव्हतें. लुई ब्रेल या फ्रेंच गृहस्थानें अंधांकरितां जी लिपि १८२९ सालीं प्रसिद्ध केली ती सहाच टिंबांची आहे. त्या सहा टिंबांच्या निरनिराळ्या जुळणींतून ६३ चिन्हें तयार होतात. छापण्याच्या यंत्रांत हेंच तत्त्व आणण्याचे प्रयत्न अनेकांनीं केले. १९६८ सालीं जपानांतील ओकी कंपनीनें तारांच्या टोकांनीं ठिपके उमटविणारा प्रिंटर काढला. १९७० सालीं अमेरिकेंतील सेंट्रॉनिक्स कंपनीचा १०१ या क्रमांकाचा प्रिंटर आला. परंतु हीं अवजड यंत्रें मोठ्या कचेऱ्यांसाठीं होतीं, घरासाठीं नव्हतीं.

घराची गरज पुढें उत्पन्न झाली. १९७७ सालीं अमेरिकेंत अ‍ॅपल २, कमोडोर पेट आणि टीआर्‌एस-८० असे तीन संगणक एकाच वर्षीं विक्रीस आले. त्यांची किंमत अशी होती कीं शिक्षक, दुकानदार किंवा हौशी विद्यार्थी यांनीं पैसे सांठवून तो विकत घ्यावा. पण घरीं आणल्यावर त्यांस एक उणीव जाणवूं लागली. पडद्यावर लिहिलेलें पत्र टपालांत टाकतां येत नव्हतें. हिशेब पडद्यावर मांडला तरी भागीदाराच्या हातांत देतां येत नव्हता. लिहिलेलें कागदावर उतरल्यावांचून तें दुसऱ्यापर्यंत पोंचत नाहीं; आणि स्वस्त, टिकाऊ असा प्रिंटर तर फारसा कोठें मिळत नव्हता.

ही उणीव ज्यांनीं भरून काढिली ते मूळचे घड्याळजी होते, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. जपानच्या नागानो प्रांतांत डोंगरांच्या कुशींत सुवा नांवाचें सरोवर आहे. त्याच्या परिसरांत घड्याळें करण्याचा धंदा भरभराटीस आला होता. तेथें १९६१ सालीं शिन्शू सेइकी या नांवाची कंपनी घड्याळांचे सूक्ष्म भाग करण्यासाठीं निघाली. १९६४ सालीं टोकियो शहरीं ऑलिंपिक सामने भरले, तेव्हां वेळ मोजण्याचें काम सेइको या घड्याळवाल्या समूहाकडे होतें. धांवणाऱ्याची वेळ नुसती दाखवून न थांबतां ती कागदावर छापून देणारें यंत्र त्यांनीं सिद्ध केलें. त्या अनुभवांतून १९६८ सालीं ईपी-१०१ हें चिमुकलें छापणारें यंत्र जन्मास आलें, आणि हिशेबाच्या यंत्रांत तें फार वापरलें गेलें. पुढें १९७५ सालीं कंपनीनें आपल्या मालास ‘एप्सन’ हें नांव दिलें. त्याचा अर्थ ‘ईपीचा पुत्र’ असा आहे. म्हणजे पित्याचें नांव पुत्रानें चालविलें! मनगटावरील घड्याळाचीं दांतेरी चक्रें घडविण्यांत ज्यांचे हात तयार झाले होते, त्यांनींच केंसासारख्या बारीक हालचालीचें हें यंत्र स्वस्तांत करून दाखविलें. एका धंद्यांत चिकाटीनें मिळविलेलें कौशल्य दुसऱ्या धंद्यांत कसें फळतें, याचें याहून चांगलें उदाहरण सांपडणें कठीण.

आतां यंत्राच्या पोटांत डोकावूं. कागदाच्या मागें एक रूळ असतो, आणि कागदापुढें एक लहानसें डोकें आडव्या दांडीवरून डावीकडून उजवीकडे सरकत असतें. त्यास प्रिंट हेड म्हणतात. या हेडांत तारेच्या ९ बारीक सुया असतात; धंद्यांतील लोक त्यांस पिना म्हणतात. त्या सुयांचीं टोकें एकाखालीं एक अशा उभ्या ओळींत बसविलेलीं असतात, आणि दोन टोकांमधील अंतर १ इंचाच्या ७२ व्या भागाइतकें असतें. प्रत्येक सुईच्या मागें तिचा स्वतःचा विद्युत्‌चुंबक असतो. त्यांतून क्षणभर वीज सोडली कीं सुई पुढें झेंपावते, मध्यें असलेल्या शाईच्या रिबनीवर आदळते, आणि रिबन कागदावर दाबली जाऊन एक ठिपका उमटतो. वीज बंद होतांच स्प्रिंग सुईला मागें ओढते. हेड किंचित्‌ पुढें सरकतें, आणि पुन्हां ज्या सुयांना हुकूम होईल त्या पुढें येतात. अशा रीतीनें उभ्या पट्ट्या एकापुढें एक लागत जाऊन अक्षर तयार होतें. घर बांधणारा गवंडी आडवे थर रचीत वर जातो. हें यंत्र उभे थर रचीत पुढें जातें.

या कामाची गति ऐकून आमचे बाल वाचक चकित होतील. एम्‌एक्स-८० एका सेकंदांत ८० अक्षरें छापी, आणि ८ इंचांच्या एका ओळींत तितकींच, म्हणजे ८०, अक्षरें बसत. १ इंचांत १० अक्षरें आणि एका अक्षराच्या रुंदींत ठिपक्यांच्या ६ जागा असा हिशेब धरला तर सेकंदास ४८० जागा ओलांडाव्या लागत. म्हणजे प्रत्येक सुईनें एका सेकंदांत ४८० वेळां पुढें जाऊन मागें येण्यास सिद्ध असावें लागे! तिरप्या रेषा नीट दिसाव्यात म्हणून दोन जागांच्या मध्यावरही ठिपका देण्याची सोय होती. परंतु तेथें एक नियम होता. एकाच सुईनें लागोपाठच्या दोन अर्ध्या जागांवर ठोका द्यावयाचा नाहीं. कारण तिला मागें फिरण्यास तेवढा अवधि मिळत नसे.

सुया ९ कां, हेंही समजून घेण्यासारखें आहे. त्याच्या आधींच्या पुष्कळ यंत्रांत ७ सुया असत. इंग्रजींतील मोठीं अक्षरें सातांत नीट बसतात. पण जी, जे, पी, क्यू व वाय या लहान अक्षरांच्या शेंपट्या ओळीखालीं उतरतात, त्यांना जागाच नसे. मग तीं अक्षरें उचलून वर बसवावीं लागत, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांस तीं खुपत. खालीं दोन सुया वाढविल्या आणि ही अडचण दूर झाली. एरवीं या दोन सुयांस फारसें काम नसतें; परंतु त्या नसत्या तर लेखन विद्रूप झालें असतें. प्रेषित पौलानें करिंथ येथील मंडळीस लिहितांना शरीराच्या अवयवांविषयीं जें शिकविलें आहे, त्याची येथें कोणास आठवण झाल्यास तें योग्यच होय.

आणखी एक युक्ति आमच्या शेतकरी पालकांस विशेष आवडेल. टाइपरायटर प्रत्येक ओळ संपली कीं रिकामाच मागें येतो आणि पुन्हां डावीकडून आरंभ करितो. एम्‌एक्स-८० तसें करीत नसे. शेतकरी एक तास संपला कीं बैल वळवून दुसरा तास उलट दिशेनें धरतो, त्याप्रमाणें हें यंत्र एक ओळ डावीकडून उजवीकडे आणि दुसरी उजवीकडून डावीकडे छापीत असे. प्राचीन ग्रीक लोकांचे कांहीं शिलालेखही असेच, बैल वळल्याप्रमाणें, लिहिलेले आहेत. संगणकाकडून ओळ पूर्ण येईपर्यंत यंत्र ती आपल्या स्मृतींत धरून ठेवी, ओळ कोठें सुरू होते व कोठें संपते तें पाही, आणि मोकळ्या जागेंत व्यर्थ न फिरतां जवळच्या टोकापासून काम सुरू करी. असा वेळ वांचविल्यामुळेंच तें घरगुती किंमतींत बरें काम देऊं शकलें.

इतके ठोके मारून सुया झिजणारच. पूर्वीं असें हेड बिघडलें म्हणजे कारागिरास बोलवावें लागे. एम्‌एक्स-८० मध्यें तें घरच्या घरीं काढून नवें बसवितां येत असे, आणि जुनें टाकून देतां येईल इतकें तें स्वस्त होतें. एक हेड सुमारें ५ कोटी अक्षरें छापील असें कंपनी सांगे. विद्यार्थ्यांनीं हिशेब करून पाहावा: ८० अक्षरांच्या ६० ओळींचें एक पान धरलें तर ४,८०० अक्षरें होतात, म्हणजे गच्च भरलेलीं १०,००० हून अधिक पानें एका हेडानें निघालीं पाहिजेत. घरच्या वापरास हें भरपूर झालें. कागदही खास प्रकारचा असे. दोन्ही कांठांस भोंकें पाडलेला, घडीवर घडी घातलेला असा तो लांबच लांब पट्टा. यंत्राच्या चाकांचे दांते त्या भोंकांत अडकून कागद सरळ वर ओढीत. छापून झाल्यावर पानें घडीवर फाडावयाचीं आणि कांठांच्या भोंकाळ पट्ट्या काढून टाकावयाच्या. हें काम पुष्कळ घरांत मुलांकडे असे.

आतां मुख्य प्रश्न. यंत्राजवळ जर एकही अक्षर कोरलेलें नाहीं, तर ‘ए’ कोणता आणि ‘बी’ कोणता हें त्याला कळतें कसें? संगणक प्रिंटरकडे अक्षर धाडीत नाहीं, अक्षराचा क्रमांक धाडतो. इंग्रजी मोठ्या ‘ए’चा क्रमांक ६५ ठरलेला आहे. ६५ हा अंक येतांच प्रिंटर आपल्या आंतील कायमच्या स्मृतीकडे, म्हणजे रॉम नांवाच्या चिपेकडे, विचारणा करितो. तेथें प्रत्येक क्रमांकापुढें कोणत्या पट्टींत कोणत्या सुया उठवावयाच्या याची यादी लिहून ठेविलेली असते. ती यादी हेंच त्या यंत्राचें अक्षर! पूर्वीं अक्षर शिशांत होतें, पोलादांत होतें; आतां तें ज्ञानांत जाऊन बसलें. आमच्या मतें या यंत्राचें खरें मोठेपण यांतच आहे. कारण शिसें बदलावयाचें म्हणजे भट्टी पेटवावी लागते. यादी बदलावयाची म्हणजे कोणी तरी शांतपणें बसून विचार केला म्हणजे पुरतें.

ही यादी स्वतः कशी करावी तें सांगतों. चित्रें छापतांना वरच्या आठ सुया वापरीत, आणि त्यांना वरून खालीं अशा किंमती दिलेल्या असत: १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २ व १. एका पट्टींत ज्या सुया उठवावयाच्या त्यांच्या किंमतींची बेरीज करावयाची आणि ती यंत्राला सांगावयाची. फक्त वरची सुई उठवावयाची असेल तर १२८. सर्वच्या सर्व उठवावयाच्या असतील तर २५५. एखादा क्रूस छापावयाचा आहे असें समजा. मधली पट्टी पूर्ण उभी, म्हणजे २५५. दोन्ही बाजूंच्या दोन दोन पट्ट्यांत फक्त तिसऱ्या सुईचा ठिपका, म्हणजे ३२. यंत्राला ३२, ३२, २५५, ३२, ३२ असे पांच अंक दिले कीं क्रूस उमटला. आतां आपला ‘ग’ घ्या. १३६, २४८, १२८, १२८, २५५, १२८. पहिल्या अंकांत १२८ हा शिरोरेषेचा ठिपका आणि ८ हा गांठीचा. दुसऱ्यांत वरून पांच ठिपक्यांचा आंखूड दंड. मग दोन पट्ट्यांत नुसती शिरोरेषा. नंतर २५५ म्हणजे पूर्ण काना. आणि शेवटीं थोडी पुढें आलेली शिरोरेषा. चौकड्यांच्या कागदावर मांडून पाहिल्यास खात्री पटेल. ज्या यंत्राच्या कारखान्यांत कोणास मराठीचा गंधही नसेल, तें यंत्र सहा अंकांवर ‘ग’ लिहितें!

पहिल्या एम्‌एक्स-८० मध्यें असें ठिपक्याठिपक्यांचें चित्र छापण्याची सोय नव्हती. पुढें ग्राफट्रॅक्स या नांवाच्या चिपा निघाल्या. त्या आंत बसविल्या कीं तेंच यंत्र नकाशे, आलेख व आकृत्या छापूं लागे. यांत एक सुईही नवी घातलेली नव्हती. हात तेच होते. शिकवण मात्र वाढली होती.

या यंत्रांत दोष नव्हते असें नाहीं. त्याचा आवाज कर्कश असे. रात्रीं कोणी छापावयास बसलें म्हणजे शेजारच्या खोलींतील मनुष्याची झोंप उडे. अक्षर फुटकें दिसे. त्यावर दोन उपाय होते: हेडानें अर्धी जागा सरकून पुन्हां ठोका द्यावयाचा, किंवा कागद १ इंचाच्या २१६ व्या भागाइतका पुढें घेऊन तीच ओळ वरून पुन्हां छापावयाची. ठिपक्यांमधील फटी भरत, अक्षर ठळक होई. पण वेळ दुप्पट लागे. इतकें करूनही कित्येक संपादक व प्राध्यापक असल्या छपाईचा लेख हातीं घेण्यास नाखूष असत. त्यांच्या डोळ्यांस त्रास होई हें खरें. परंतु ज्या लेखकाजवळ महाग प्रिंटरास पैसा नव्हता त्याचा मजकूर ठिपक्यांत उमटला म्हणून हलका ठरत नव्हता. मनुष्याचें म्हणणें त्याच्या कपड्यांवरून जोखूं नये, असें आम्ही मुलांस नित्य शिकवितों. कागदावरील शब्दांनाही तोच न्याय लागू आहे.

लोकांनीं मात्र या यंत्राचें चांगलें स्वागत केलें. १९८१ सालीं अमेरिकेंतील आय्‌बीएम या बलाढ्य कंपनीनें आपला घरगुती व कचेरीचा संगणक, ज्यास पीसी म्हणतात तो, बाजारांत आणिला. तेव्हां त्याच्याबरोबर विकावयाचा प्रिंटर तिनें स्वतः न घडवितां एम्‌एक्स-८० वरच आपलें नांव घालून दिला. एप्सनच्या प्रिंटरास हुकूम देण्याची जी सांकेतिक भाषा होती ती इतर कारखानदारांनींही उचलली, आणि बहुतेक ठिकाणीं तीच चालूं लागली.

देवनागरीचें काय झालें, हें विचारण्याचा आपला हक्क आहे. आमच्या लिपीस शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी व अनुस्वार यांसाठीं जागा लागते, आणि खालीं उकारांसाठीं. आठ-नऊ ठिपक्यांतून वर दोन-तीन आणि खालीं दोन-तीन दिले तर मधल्या अक्षरास उरतात तीन-चार. तेवढ्यांत ‘भ’ आणि ‘म’ यांचा भेद राहणार कसा? म्हणून एकच ओळ दोन फेऱ्यांत छापावी लागे. आधीं वरचा भाग, मग कागद सरकवून खालचा. हीच अडचण जपानी लोकांसही होती, कारण त्यांचीं चित्राक्षरें तर याहून दाट. पुढें २४ सुयांचीं हेडें निघालीं आणि हें काम एका फेरींत होऊं लागलें. भारतांत कानपूरच्या आय्‌आय्‌टींत संशोधकांनीं भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचें काम हातीं घेतलें, आणि १९८८ सालीं पुणें येथें स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेनें तें पुढें चालविलें. जिस्ट नांवाचें त्यांचें कार्ड संगणकांत बसविलें कीं पडद्यावर व कागदावर मराठी अक्षरें उमटत. १९९१ सालीं भारतीय लिप्यांच्या अक्षरांचे क्रमांक प्रमाण म्हणून ठरविले गेले. येथें आम्हांस एवढेंच सांगावयाचें आहे कीं, आपली लिपि यंत्रांत आपोआप गेली नाहीं. जपानी मनुष्यानें सुई केली. पण ‘ळ’चे ठिपके मोजण्यास आपल्याच माणसांस बसावें लागलें.

१९८४ नंतर लेसर प्रिंटर कचेऱ्यांत शिरले, त्यामागून शाई फवारणारे प्रिंटर घरांत आले, आणि सुयांचा खडखडाट हळूहळू मागें पडला. पण नीट पाहिल्यास तत्त्व तेंच राहिलें आहे. एप्सनच्या सुया उभ्या इंचांत ७२ ठिपके देत. आरंभीचा लेसर प्रिंटर ३०० देई. ठिपके बारीक झाले इतकेंच. तुमच्या पालकांच्या मोबाईलचा पडदाही ठिपक्यांचाच आहे. आणि जेथें एका ठोक्यांत एकाखालीं एक ठेविलेल्या दोन-तीन प्रती काढावयाच्या असतात तेथें सुयांचा प्रिंटर आजही काम करीत आहे. कारण शाई फवारून किंवा प्रकाशानें छापून खालच्या कागदावर दाब पडत नाहीं.

अक्षर म्हणजे क्रमांक आणि ठिपक्यांची यादी, हें एकदां ठरल्यावर लहान लोकांच्या भाषांनाही दार उघडलें. गडचिरोली, चंद्रपूर या भागांत आणि मध्यप्रदेशांतही बोलली जाणारी गोंडी भाषा घ्या. तिच्यासाठीं मुन्शी मंगलसिंग मसराम यांनीं १९१८ सालीं एक लिपि रचिली. जवळजवळ शंभर वर्षांनीं, २०१७ सालीं, युनिकोड नांवाच्या जागतिक अक्षरसूचींत त्या लिपीच्या प्रत्येक अक्षरास स्वतःचा क्रमांक मिळाला. तिच्याकरितां शिशाची भट्टी पेटवावी लागली नाहीं. तिच्यावर प्रेम करणारीं, अक्षर न्‌ अक्षर तपासणारीं माणसें मात्र लागलीं. अशीं माणसें ज्या भाषेस मिळत नाहींत तिला आजच्या अति वेगवान यंत्राचाही कांहीं उपयोग नाहीं.

म्हणून आमच्या विद्यार्थ्यांस आमची एक सूचना आहे. सुटींत चौकड्यांचा कागद घ्यावा, आठ घरांची उंची आंखावी, आणि आपल्या नांवाचें पहिलें अक्षर ठिपक्यांनीं भरून प्रत्येक उभ्या पट्टीची बेरीज बाजूस लिहावी. पालकांनीं जवळ बसून बेरजा तपासाव्या. ज्यांच्या घरीं मराठीखेरीज गोंडी, वारली, कोंकणी किंवा दुसरी बोली बोलतात, त्यांनीं त्या बोलींतील एखादा शब्दही असाच मांडावा. यंत्र विकत घेणें पैशाचें काम आहे. पण यंत्रानें काय लिहावें हें ठरविणें ज्ञानाचें काम आहे, आणि तें ज्ञान मिळविण्याची बुद्धि परमेश्वरानें गरीब-श्रीमंत असा भेद न करितां सर्वांच्या लेंकरांस दिली आहे.